खोललेल्या इंजिनाचा आवाज

एखाद्या गाडीचं दुखणं सापडलं नाही की आमच्या ख्वाजामियाँना अन्न गोड लागत नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी त्रिंबकभाऊंच्या मोटारसायकलीपायी माझं डोकं खाल्लं. जेवता जेवता हात थांबायचा आणि एकदम म्हणायचे, "बेरिंग तर नसेल?" मी म्हणायचे, आधी घास गिळा, मग बेरिंगचं बघा.

मी सुरैया. नांदूरघाटच्या फाट्यावर माझ्या नवऱ्याचं, म्हणजे ख्वाजामियाँचं गॅरेज आहे आणि गॅरेजच्या दारातच माझा फळांचा गाडा. घरात आम्ही दखनी बोलतो, पण गिऱ्हाईक, भांडण आणि गप्पा हे सगळं मराठीत चालतं, म्हणून हेही मराठीतच सांगते. त्रिंबकभाऊ हे ख्वाजामियाँचे शाळेपासूनचे दोस्त. दोघांनी शाळा एकाच वर्षी सोडली. यांनी पाना धरला, त्यांनी कोयता.

कोयता म्हणजे ऊसतोड. लग्न झाल्यापासून त्रिंबकभाऊ आणि सावित्रीबाई दर साली टोळीबरोबर सांगलीकडे ऊस तोडायला जायचे. दसरा-दिवाळी झाली की घाटावरची त्यांची वाडी ओस पडते. मागे म्हातारी माणसं, शेळ्या आणि कुत्री. तिकडे फडातलं काम जिवावरचं, त्याचं कौतुक मी करणार नाही. पण त्रिंबकभाऊंचा टोळीत मान होता. पहाटे सगळ्यांना उठवायचं काम त्यांचं. उसाच्या पाल्याच्या कोप्या असतात, त्यातल्या एकेका कोपीपुढे उभं राहून प्रत्येकाला वेगळी शिवी घालायचे. माणसं हसत उठायची. कुणाला कालचीच शिवी मिळाली तर तो रुसायचा म्हणे.

मग माळावर पवनचक्क्या आल्या. आधी रस्ते रुंद झाले, मग लांबलचक ट्रकांवरून पाती आली, ती बघायला सगळा फाटा गोळा झाला. खांबांमधली तांब्याची केबल चोरीला जाते म्हणून कंपनीच्या ठेकेदाराने राखणदार नेमले, त्यात त्रिंबकभाऊंचा नंबर लागला. निळा शर्ट, शिट्टी, सावलीला खुर्ची. पाठीवर मोळी नाही की ट्रॅक्टरवर चढणं नाही. वाडीत पुष्कळांच्या पोटात दुखलं. मीसुद्धा म्हटलं होतं, "त्रिंबकभाऊ, नशीब काढलं तुम्ही. बसून खायचं आता."

सावित्रीबाईही यंदा घरीच राहणार होत्या. पण धाकटा दीर आदिनाथ, त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली. तोडीला जोडी लागते, एकट्याला कुणी घेत नाही. मग सावित्रीबाईच दिराबरोबर गेल्या. एकुलती मुलगी लग्न होऊन कडा गावी सासरी. म्हणजे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्रिंबकभाऊ दिवाळीनंतर वाडीत होते, आणि एकटे होते. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याचा अर्थ मात्र कुणी लावला नाही.

पहिल्यांदा ते आले ते गाडी घेऊनच. "ख्वाजा, गाडीतून आवाज यायलाय बे."

"कसला?"

"घूंऽऽ असा. बारीक. थांबतच न्हाई."

ख्वाजामियाँनी किक मारली, स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाला धरली, मग गाडी घाटाच्या वळणापर्यंत पळवून आणली. "काय बी न्हाई. लोण्यावानी पळायली."

"येतोय बे. तुला कसा येत न्हाई?"

झालं. गाड्यांच्या बाबतीत माझ्या नवऱ्याला कुणी असं म्हटलं की सात पिढ्यांचा अपमान होतो. त्यांनी चेन बदलली. सायलेन्सर काढून बसवला. त्रिंबकभाऊ दोन-चार दिवसांनी परत हजर. आवाज तसाच. मग चाकांची बेरिंगं झाली, टॅपेट झाले. एका खेपेला दोघांचं चांगलंच वाजलं. ख्वाजामियाँ म्हणाले, "तुझ्या कानात मळ झालाय." त्रिंबकभाऊ म्हणाले, "तुला आता काम येईना." दोघं एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायले.

मी गाड्यावरून बघत होते. त्रिंबकभाऊंनी एक मोसंबी सोलली, नीट सगळ्या शिरा काढल्या आणि तशीच पंच्यावर ठेवून दिली. गालाची हाडं वर आली होती. म्हटलं, बायको नाही, हातानं करून खातात, वाळणारच. मला शहाणपण सुचलं ते एवढंच.

शेवटी ख्वाजामियाँनी इरेला पेटून इंजिनच खोललं. गाडी ठेवून घेतली, त्रिंबकभाऊंना एसटीने परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोणपाटावर सगळा संसार मांडला: पिस्टन, व्हॉल्व्ह, क्लचच्या थाळ्या. पुसून पुसून बघत होते. तेवढ्यात निळ्या शर्टातच त्रिंबकभाऊ आले. ड्यूटीची वेळ होती, तरी आले. गोणपाटाजवळ उकिडवे बसले आणि कान टवकारून म्हणाले, "हा बघ. आत्ता बी वाजतंय की बे."

ख्वाजामियाँचा हात पिस्टनवरच राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. गाडी तुकड्या-तुकड्यांनी आमच्या पुढ्यात पडली होती.

त्रिंबकभाऊंनीही ते बघितलं. त्या तुकड्यांवरून त्यांची नजर हळूहळू फिरली आणि चेहरा असा झाला की मला रडूच फुटलं. आपलं काय होतंय ते त्यांना त्या क्षणी कळलं. ते उठायला लागले. मी गाड्यावरून धावले आणि त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात मी आयुष्यात कधी धरला नव्हता, पण त्या वेळी मला काही सुचलं नाही.

"बसा," मी म्हटलं. "बसा आन बोला. कधीपासून हाय?"

मग बांध फुटल्यासारखं सगळं आलं. दिवसभर त्या खांबाखाली बसायचं. वर पातं फिरतं, त्याची सावली अंगावरून जाते, परत येते, परत जाते. जागा बदलली तरी ऊन कललं की ती शोधत येते. आवाज आधी तिथेच होता. मग तो वाडीपर्यंत मागे आला, मग उशीत आला. झोप नाही. घरात कुणी नाही. "म्हनून वाटलं गाडीचा असंल," ते म्हणाले. "गाडीचा असता तर बरं झालं असतं, भाबी. नारायणगडावर दर्शनाला बी जाऊन आलतो. तिथं गर्दीत वाईच बरं वाटलं. घरी आलो की पुन्हा सुरू."

"मग सांगायचं कावून न्हाई?" ख्वाजामियाँ ओरडले. ते घाबरले की ओरडतात.

"काय सांगू? समदे म्हनतेत नशीब काढलंस. खुर्चीवर बसून मानूस येडा झाला म्हनतील. पोरीच्या सासरी कळंल. नोकरी जाईल."  मग खालच्या आवाजात म्हणाले, "खांबाला खाली दार असतंय. आत वरपतूर शिडी हाय. चावी माझ्याकडंच असती. कदी कदी वाटतंय, दार उघडावं आन वर जावं."

वर जाऊन काय, हे ते बोलले नाहीत. आम्ही विचारलंही नाही. 

ख्वाजामियाँ लगेच उठले. म्हणाले, दर्ग्याला नेतो, तावीज बांधू. मी म्हटलं, बांधा. माझा तावीजवर राग नाही. पण तावीज बांधेपर्यंत हा माणूस त्या माळावर एकटा जाता कामा नये, त्याचं काय? मी गाड्याच्या मागे जाऊन दिपाली मॅडमना फोन लावला.

दिपाली मॅडम केजच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचं बघतात, समुपदेशक. माझं त्यांचं नातं पेरूचं. एकेक पेरू टिचकी मारून बघतात आणि भावावरून माझ्याशी तंडतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या कामाचं बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी निघाले. तोवर त्यांना एकटं सोडू नका. ती चावी मागून घ्या. आणि सुरैयाताई, सरळ विचारा, मरायचं मनात येतं का म्हणून."

"असं कसं विचारू? नसेल मनात तर यायचं."

"विचारल्यानं येत नाही. आलेलं असेल तर बाहेर पडतं."

मी परत आले. त्रिंबकभाऊंना बाकड्यावर बसवलं, पुढ्यात बोरांचं टोपलं ठेवलं, म्हटलं किडकी वेगळी काढा. हाताला काम असलं की माणूस जागचा उठत नाही. थोडी बोरं निवडून झाल्यावर विचारलं, "त्रिंबकभाऊ, मरायचं मनात येतं का तुमच्या?"

त्यांनी एक किडकं बोर बाजूला काढलं. मग म्हणाले, "मरायचं म्हनून न्हाई, भाबी. आवाज थांबावा म्हनून."

ख्वाजामियाँनी तोंड फिरवलं आणि उगाच हवेचा पंप पुसायला लागले. मी म्हटलं, "चावी द्या." त्यांनी खिशावर हात दाबून मान हलवली. ठेकेदाराची चावी दुसऱ्याला दिली तर नोकरी जाते, असं म्हणाले. जिवावर उठलेली नोकरी सांभाळत होते बिचारे. मला रागही आला आणि दयाही. मी बाकड्याच्या टोकाला अशी बसले की मला ओलांडल्याशिवाय त्यांना जाता येऊ नये.

मॅडम स्कूटीवर आल्या. त्यांनी काही नाटक केलं नाही. "मी दिपाली. मनाच्या दुखण्याचं काम करते. सुरैयाताईंनी बोलावलं," असं सरळ सांगितलं.

"भाबी, तुमी सांगितलं?" त्रिंबकभाऊ माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी त्यांना चौकात उघडं केलं.

"सांगितलं," मी म्हटलं. "आन परत सांगीन."

मॅडम उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसल्या. झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. मग विचारलं, "दिवसा माळावर कुणाकुणाशी बोलता?"

त्रिंबकभाऊंनी बराच विचार केला. "तुळजाबाई म्हनून एक म्हातारी येती शेळ्या घेऊन. तिच्याशी."

"काय बोलता?"

"तिला ऐकू येत न्हाई."

हसावं की रडावं ते मला कळेना. ज्या माणसाला टोळीतल्या प्रत्येकासाठी रोज नवी शिवी सुचायची, तो एका बहिऱ्या म्हातारीशी बोलून दिवस काढत होता.

"आवाज कसा येतो, सांगाल?" मॅडम म्हणाल्या. त्रिंबकभाऊंनी तोंडाने काढून दाखवला. आणि तिथे आमच्या ख्वाजामियाँनी घोळ घातला. दोस्ताचं तोंड बघवेना म्हणून ते एकदम म्हणाले, "हा, हा! मला बी येतोय आता. येतोय खरंच."

माझ्या नवऱ्याने गाडीच्या बाबतीत उभ्या जन्मात खोटं सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल, पण नसलेला दोष ते दाखवत नाहीत. त्यामुळे खोटं कसं बोलतात हेच त्यांना माहीत नव्हतं. कान लाल झाले होते.

त्रिंबकभाऊ ताडकन उठले. "खोटं बोलू नको बे! इंजन खोललंस तवा न्हाई म्हनलास. आता ह्या बाईंपुढं मला लेकरावानी गोंजारतोस? म्हंजी मी येडा झालोच की!" ते गॅरेजच्या बाहेर निघाले. मी आडवी आले. त्यांनी मला ढकललं असतं तर मी पडले असते, पण त्यांनी ढकललं नाही.

ख्वाजामियाँ मागून आले. ऑईलच्या हातांनीच त्यांनी त्रिंबकभाऊंचे दोन्ही खांदे धरले. "न्हाई येत," ते म्हणाले. "मला आवाज न्हाई येत, त्रिंबक. ऐकून ऐकून कान दुखले माझे, तरी येत न्हाई. पन तुला येतोय. तू खोटं बोलत न्हाईस, हे मला पैल्या दिवशीपासनं म्हाईत हाय. म्हनून तर गाडी खोलली ना बे! तुझं खोटं वाटलं असतं तर मी बोल्टाला हात लावला असता का?"

त्रिंबकभाऊ उभ्या उभ्या रडायला लागले. मोठ्याने, तोंड न झाकता. समोरच्या पंक्चरवाल्याने बघितलं, एसटीच्या थांब्यावरच्यांनी बघितलं, आणि आकाश काही कोसळलं नाही. ख्वाजामियाँही रडत होते. मग त्रिंबकभाऊंनी खिशात हात घातला आणि चावी काढून त्यांच्या हातात ठेवली. मी मनातल्या मनात अल्लाचे किती आभार मानले ते माझं मला माहीत.

"तुम्ही वेडे नाही," मॅडम म्हणाल्या. "झोप नसली आणि माणूस सगळ्यांपासून तुटलेला असला की मन थकतं, मग असं होतं. याला औषध आहे. उद्या बीडला डॉक्टरांकडे जाऊ. कानही तपासू, मनही तपासू. पण त्याआधी एक फोन करा."

कुणाला, हे विचारावं लागलं नाही. त्रिंबकभाऊंनी सावित्रीबाईंना लावला. सुरुवातीला नुसतं, ऊस कसा हाय, आदिनाथ कसा हाय. मग ख्वाजामियाँनी डोळे वटारले तेव्हा म्हणाले, "मला बरं न्हाई."

"कुटं दुखतंय?"

"दुखत न्हाई. झोप लागत न्हाई. एकट्याला भ्या वाटतंय."

 तिकडून नुसते कोयते चालल्याचे आवाज. मग सावित्रीबाई म्हणाल्या, "निघाले." आणि फोन बंद.

पुढचं आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचा जीव टांगणीला लागेल. बीडच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं की हे हळूहळू उतरेल, मधेच सोडायचं नाही. उतरायला उन्हाळा उजाडला. मॅडम जाऊन ठेकेदाराला भेटल्या, माळावर एकेका खांबाखाली एकेक माणूस बसवू नका म्हणाल्या. ठेकेदाराने आधी आढेवेढे घेतले, पण शेवटी राखणदारांच्या जोड्या केल्या. दारांच्या चाव्या तंत्रज्ञांकडे गेल्या. नोकरी कुणाची गेली नाही. आणि एक दिवस पलीकडच्या खांबावरचा राखणदार मुंजाजी माझ्याकडे पेरू घ्यायला आला, उगाच घुटमळला आणि म्हणाला, "त्या मॅडमचा नंबर हाय का? माझ्या मेव्हण्याला पायजे." मेव्हणा कसला, काळी वर्तुळं ह्याच्याच डोळ्यांखाली.  मी नंबर दिला, वर दोन पेरू जास्त टाकले. त्याच्या मागून आणखीही आले. प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्या एकट्याचंच आहे.

पण मला खरी सांगायची आहे ती बीडहून आल्यानंतरची दुपार.

त्रिंबकभाऊ आमच्याकडेच राहिले होते. गोळी घेतली होती, तरी डोळ्याला डोळा लागला नव्हता. दुपारी एसटी थांबली आणि सावित्रीबाई उतरल्या. डोक्यावर बोचकं, पायांवर उसाच्या पात्याचे ओरखडे, साडीवर अजून फडातली धूळ. त्यांचा मुकादम बिभीषण, एरवी एक दिवसाची सुट्टी द्यायला जीव खाणारा, त्याने स्वतः बसस्टँडवर आणून बसवलं होतं. मी परत फोन करून सावित्रीबाईंना सगळं सांगितलं होतं, त्यामुळे टोळीलाही कळलं होतं. त्रिंबकभाऊंना भीती होती तसं कुणी हसलं नव्हतं. उलट निरोप होता: आम्हाला यंदा धड शिवी देऊन कुणी उठवत नाही, लवकर बरा हो.

सावित्रीबाईंनी बोचकं टाकलं, नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांच्या दंडावर फाडकन एक चापट मारली. "बायको हाय का कोन हाय मी? मी रोज फोन करत व्हते ना? 'बरा हाय, बरा हाय' म्हनत व्हता! मला सांगायचं सोडून ख्वाजाभाऊला इंजन खोलायला लावलं व्हय?"

"तुला वाटलं असतं..."

"मला काय वाटायचं ते मला वाटू द्या ना!"

मग त्या त्यांच्या शेजारी बाकड्यावर बसल्या आणि बोलायला लागल्या. आदिनाथला तोड जमत नाही, कुणाचा बैल बसला, कुणाच्या कोपीत साप निघाला, कोण कुणाशी भांडलं. थांबतच नव्हत्या. त्रिंबकभाऊ भिंतीला टेकून ऐकत होते. मधे एकदा हसले. मी गिऱ्हाईकाला बोरं मोजून दिली आणि वळून बघते तर त्यांची मान कलली होती. तोंड किंचित उघडं. झोपले होते.

गोळीने झोपले की सावित्रीबाईंच्या आवाजाने, ते डॉक्टरांनी ठरवावं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे राहिलो. ख्वाजामियाँ एका ट्रॉलीचा वाकलेला पत्रा ठोकत होते, त्यांनी घण अलगद, अंड्यासारखा खाली ठेवला. एक ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत आला, त्याला मी असं झापलं की तो इंजिन बंद करून जागीच थांबला. साऱ्या फाट्यावर कधी नव्हे ती शांतता झाली.

आणि त्रिंबकभाऊ चुळबुळायला लागले. कपाळावर आठी आली, पापण्या हलल्या.

सावित्रीबाईंनी नवऱ्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "ख्वाजाभाऊ, गप कावून बसले? ठोका की तुमचं. ह्यांना गलक्यातच झोप लागती."

ख्वाजामियाँनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी घण उचलला आणि पत्र्यावर हाणला, मग दुसरा, मग तिसरा. त्रिंबकभाऊंच्या कपाळावरची आठी गेली. त्यांनी कूस बदलली, सावित्रीबाईंचा पदर मुठीत धरला आणि घोरायला लागले.